गाजर गवत कुणाला बाधतं?



पावसाच्या दोन-चार सरी पडल्या की बांधावर, रुळांच्या कडेला, मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत तरारून येतं. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटकचांदणी. हे मूळचं अमेरिका खंडातलं. 1956च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली, आणि काही दशकांत त्यानं देश व्यापला. पाठोपाठ त्वचारोगतज्ज्ञांकडे माणसं येऊ लागली: पापण्या सुजलेल्या, मान आणि कोपराचे सांधे खाजवून काळे पडलेले, चेहऱ्याची कातडी जाड झालेली.

यामागचं रसायन आपल्याला माहीत आहे. झाडाच्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. झाड वाळलं तरी ते टिकतं आणि धुळीबरोबर उडून अंगावर बसतं. त्याचे कण कातडीतल्या प्रथिनांना चिकटतात, आणि शरीराच्या संरक्षक पेशी या जोडीला परकं समजून तिची ओळख लक्षात ठेवतात. पहिल्या स्पर्शाला काहीच होत नाही. ओळख पक्की झाल्यावर मात्र पुढच्या स्पर्शानंतर एक-दोन दिवसांत खाज सुटते, पुरळ उठतं, लस वाहते. खाजकुयलीचं तसं नाही. ती ज्याला लागेल त्याला लगेच खाजवते.

गाजर गवत मात्र माणूस निवडतं, आणि कोणता निवडतं हे अजून नीट उलगडलेलं नाही. एकाच घरातले दोघे भाऊ तेच रान कसतात. एकाला पन्नाशीत अचानक त्रास सुरू होतो, दुसरा आयुष्यभर ते गवत हातानं उपटतो आणि त्याला काही होत नाही. आनुवंशिकता, किती काळ संपर्क आला, कातडी आधीच फुटलेली होती का, या सगळ्यांचा थोडाथोडा वाटा असावा. पण ‘याला होईल, त्याला नाही’ असं आधी सांगणारी तपासणी नाही.

निकेलचंही तसंच आहे. नकली दागिन्यांमुळे कानाची पाळी चिघळते ती बहुधा निकेलमुळे. 2010 साली संशोधकांनी दाखवलं, की निकेल मानवी पेशींवरच्या एका ग्राहकाला (रिसेप्टरला) थेट चिकटून दाह सुरू करतं आणि उंदरांमधला तोच ग्राहक त्याला दाद देत नाही. माणसाला निकेल का बाधतं, याचं एक पक्कं कारण त्यातून हाती आलं. पण तो ग्राहक आपल्या सगळ्यांमध्ये आहे. मग तीच कर्णफुलं घालणाऱ्या एका बहिणीचेच कान का चिघळतात?

मला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रश्न वेगळाच आहे. खुरपणी प्रामुख्यानं बायका करतात, तीही उघड्या हातांनी. तरी गाजर गवताच्या त्रासावरच्या भारतातल्या जुन्या अहवालांत पुरुष कितीतरी जास्त आहेत. बायकांच्या शरीराला काही संरक्षण असतं का? डोक्यावरचा पदर धूळ अडवतो का? की खाजेसाठी मजुरी बुडवून तालुक्याला जाणं त्यांना परवडतच नाही, म्हणून त्या मोजल्याच जात नाहीत? मला ही शेवटची शक्यता फार खरी वाटते. दवाखान्यातल्या नोंदींवरून तिचं उत्तर मिळणार नाही, त्यासाठी शेतावर जाऊन पाहावं लागेल.

आणखी एक कोडं आहे. काही रुग्णांना पुढे गवतापासून लांब राहूनही नुसतं ऊन सोसत नाही. हा बदल काहींमध्येच का होतो, तेही स्पष्ट नाही.

तुम्हाला असा त्रास असेल तर दुकानातून मलम आणून महिनोन्‌महिने चोळू नका. त्यातल्या स्टेरॉइडनं कातडी पातळ होते आणि कारण तसंच राहतं. त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट होते. संशयित द्रव्यं पाठीवर चिकटवतात, दोन दिवसांनी काढून पाहतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासतात. जाताना त्रास कोणत्या महिन्यात वाढतो, त्या दिवसांत शेतात कोणतं काम होतं आणि घरात शेवंतीची फुलं येतात का, हे आठवून जा. शेवंती गाजर गवताच्याच कुळातली आहे, आणि ज्यांना ते गवत बाधतं त्यांच्यापैकी काहींना तीही बाधते.