भीतीच्या डोळ्यांनी वाचलेला चेहरा

(प्रशिक्षण वर्गातील भाषण)



आपणांपैकी प्रत्येकाच्या टेबलासमोर वा फळ्यासमोर रोज माणसे उभी राहतात. आपले शब्द ऐकण्यापूर्वी ती आपला चेहरा वाचतात. हे वाचन नेहमी अचूक असते काय, याचा आज विचार करावयाचा आहे.

चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्ये मनुष्य व प्राणी यांच्या भावदर्शनावर ग्रंथ लिहिला. पुढे पॉल एकमन व वॉलेस फ्रीसन यांनी न्यू गिनीतील फोरे जमातीची पाहणी केली. ती १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. बाह्य जगाशी फारसा संबंध नसलेले हे लोकही परक्या चेहऱ्यावरील आनंद, दुःख, राग बहुतांशी ओळखत. भीती आणि आश्चर्य यांत मात्र त्यांची गल्लत होई.

परंतु वाचणाऱ्याचे मनच चिंताग्रस्त असेल तर? अशा व्यक्तीचे लक्ष रागीट चेहऱ्याकडे चटकन वेधले जाते, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. चारचौघांत वावरण्याचे ज्यांना भय वाटते, त्यांना संदिग्ध चेहऱ्यावरही नापसंती दिसण्याचा संभव अधिक असतो. धोक्याची चाहूल घेणारा मनाचा पहारेकरी संकटात उपयोगी पडतो. पण तो अष्टौप्रहर जागा राहिला की सावलीलाही चोर समजतो. मग माणूस नजर टाळतो, समोरचा चेहरा निवळल्याचे त्याला दिसतच नाही आणि भीती कायम राहते.

अशी कल्पना करा की, एक वृद्धा निराधार अनुदानाचा अर्ज घेऊन कचेरीत आली आहे. बारीक अक्षरे वाचताना लिपिकाच्या कपाळाला आठ्या पडतात. साहेब रागावले असे समजून ती न विचारताच परत फिरते. एका दाखल्याअभावी अर्ज अपुरा राहतो. येथे कोणीच कोणाला दुखावलेले नाही. तरीही हक्क हुकला.

यावर उपाय साधा आहे. कागदावरून मान वर करावी. “आजी, बसा. मी रागावलो नाही, अर्ज वाचतो आहे,” एवढे म्हणावे. उत्तर चुकलेल्या मुलाला शिक्षकांनी नुसत्या मुद्रेने नव्हे, शब्दांनी धीर द्यावा. अर्थात लोकांची प्रत्येक भीती काल्पनिक नसते. आपण खरोखरच त्रासलेले असतो तेव्हा तेही प्रांजळपणे मान्य करावे.

चिंतेमुळे ज्याचे दैनंदिन व्यवहार अडतात, त्याला २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक सांगावा.

आपला चेहरा हीच शासनाची पहिली पाटी आहे. ती भ्यालेल्या माणसालाही वाचता यावी, एवढीच विनंती.