कडेवरचं नाव

शताब्दीच्या प्रदर्शनासाठी आम्ही शिक्षिकांनी घरोघरची पदकं मागवली. एका आजींनी त्यांच्या आजोबांचं पहिल्या महायुद्धातलं चांदीचं पदक आणलं. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. इथल्या एका दुकानदारानं ते काट्यावर टाकून नुसता चांदीचा भाव सांगितला होता. आम्ही भिंगातून कड वाचली : नंबर, शिपाई, नाव, ‘११७ मराठा’. याच पलटणीला २९ एप्रिल १९१६ला कुट-अल-अमारात शरण जावं लागलं. लढणाऱ्यांना चांदी, मजूर तुकड्यांना मात्र ब्राँझ, तिथंही पंक्तिभेद! आजी रांगोळीनं पदक घासायला बसल्या होत्या. कडेची अक्षरं झिजतील म्हणून आम्ही त्यांचा हात धरला. पदक तिसऱ्या टेबलावर आहे, भिंगही ठेवलंय.