मैदानापलीकडचे वायफाय



घरात वायफाय आले की चार दिवसांत एक तक्रार ठरलेली. ओटीवर येते, माडीवर येते, पण मागच्या अंगणापलीकडे जी सुटी खोली आहे तिथे येत नाही. घरापुरती ही गैरसोय झाली, तीवर फार बोलण्याचे कारण नव्हते. पण ती सुटी इमारत म्हणजे शाळेचा वर्ग असेल, दवाखाना असेल, तर? कोकणात मी जिथे मराठी शिकवतो, तिथली अभ्यासिका मुख्य इमारतीपासून 80 मीटरांवर, मैदानाच्या पलीकडे आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज हल्ली ऑनलाइनच भरावा लागतो. ज्यांच्या फोनचा रिचार्ज संपलेला, अशी मुले छत्री धरून कार्यालयाच्या पायरीवर उभी राहत आणि संध्याकाळी फाटकाला कुलूप लागले की अर्ज अर्धवट टाकून घरी जात.

आता 80 मीटर म्हणजे काही फार अंतर नव्हे. मग लहरी का पोहोचत नाहीत? तुमच्या रेडिओच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांबीच्या असतात. टेकडी आडवी आली तरी त्या वळसा घालतात. वायफायची लहर किती लांब? 2.4 गिगाहर्ट्झची सुमारे साडेबारा सेंटिमीटर, 5 गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्या आखूड लहरीला जांभ्याची जाड भिंत म्हणजे मोठाच अडसर. आणि तो जांभा आषाढात पाणी पिऊन बसलेला असला, तर विचारूच नका, कारण पाणी या लहरी शोषून घेते. पत्रा तर त्या परतच फेकतो. त्यातून अंतर दुप्पट झाले की जोर चौथाईवर येतो, हा हिशेब वेगळाच. 1895 साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोसांनी भिंतीपलीकडची घंटा बिनतारी लहरींनी वाजवून दाखवली, ही गोष्ट खरी आहे. पण एकदा घंटा वाजणे वेगळे आणि तासभर अखंड संभाषण चालणे वेगळे.

अशा वेळी बाजारात पहिला सल्ला मिळतो तो रिपीटरचा. आमच्याकडेही एका दुकानदाराने तोच दिला आणि ती डबी अभ्यासिकेच्या आत, टेबलावर बसवून दिली. दिवे लागले, काम काही होईना. रिपीटर म्हणजे शाहिरामागचा झिलकरी. शाहिराचे शब्द ऐकू आले, तर तो ते उचलून पुढे म्हणणार! त्याला मांडवाबाहेर नेऊन उभा केलात, तर तो म्हणणार काय? त्याला मधल्या जागी उभा करायला हवा आणि दोन इमारतींच्या मधे तर मोकळे मैदान. शिवाय साध्या रिपीटरला तोंड आणि कान एकाच लहरीवर वापरावे लागतात. ऐकताना बोलता येत नाही, बोलताना ऐकता येत नाही, म्हणून वेग जवळजवळ निम्मा होतो.

मग सरळ तार का ओढू नये? तांब्याच्या नेटवर्क-तारेची मजल 100 मीटर, म्हणजे अंतर बसते. पण कोकणातल्या विजा आपल्याला ठाऊक आहेत. दोन इमारतींमध्ये तांबे ताणले, की जवळपास पडलेल्या विजेचा धक्का त्या वाटेने दोन्हीकडची यंत्रे जाळू शकतो. काचतंतूच्या तारेला ही भीती नाही. तीच उत्तम, हे मी मान्य करतो. पण ती पुरायची तर 80 मीटर कातळ फोडायचा!

उरला तिसरा मार्ग, तो मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. आपला घरचा राऊटर हा कंदील आहे. उजेड चहूकडे सांडतो. आपल्याला हवी आहे विजेरी, उजेड एका दिशेला नेणारी. अशा दिशादर्शी अँटेनाच्या दोन पेट्यांची जोडी मिळते. एक मुख्य इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर, दुसरी अभ्यासिकेच्या वळचणीला, दोघींची तोंडे समोरासमोर. भिंतींचा प्रश्न इथेच मिटतो, कारण आता लहर भिंतीतून जातच नाही. अभ्यासिकेच्या पेटीतून एक आखूड तार आत घ्यायची आणि आत साधा वायफायचा संच लावायचा. मात्र त्याचे चॅनेल पेट्यांच्या चॅनेलहून निराळे ठेवा, नाहीतर दोघांचा गलका होतो.

समोरासमोर म्हणजे नजरेला नजर हवी. पण नुसती दोरी ताणल्यासारखी रेषा मोकळी असून भागत नाही. लहरींची वाट मृदंगासारखी असते, टोकांना निमुळती आणि मधे फुगीर. 80 मीटरांना, 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, ऐन मध्यावर हा फुगवटा रेषेच्या सर्व बाजूंना सुमारे 1 मीटर भरतो. तेवढी जागा शक्यतो मोकळी राहावी. आणि जागेची पाहणी वैशाखात करू नका, श्रावणात करा. उन्हाळ्यात निष्पर्ण दिसणारे झाड पावसात ओल्या पानांचा पडदा होऊन उभे राहते. आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनी एका सावरीच्या झाडासाठी पेट्या चार हात सरकवल्या. झाड तोडायचे कुणी सुचवले होते, ते त्यांनी मोडून काढले.

दोन्ही पेट्या भिंतीवर चढवण्याआधी एकाच टेबलावर ठेवून जुळवून घ्याव्यात. शिडीवर उभे राहून फोन हाताळण्यात शौर्य नाही. मग एकाने पेटी हळूहळू फिरवायची, दुसऱ्याने आकडा वाचायचा. हा आकडा ऋण असतो: ऋण 60 हे ऋण 75 पेक्षा चांगले. बाहेरची तार भिंतीत शिरण्यापूर्वी खाली झोळ देऊन वर घ्यावी, म्हणजे पागोळ्यांचे पाणी झोळावरून गळून जाते. अर्थिंग मात्र वायरमनकडूनच करून घ्या.

परवान्याचे काय, असे कोणी विचारील. एके काळी घरात रेडिओ ठेवायलाही परवाना लागे! वायफायचा 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा केंद्र सरकारने 2005 मध्ये आणि 5 गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा 2018 मध्ये, ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत, परवानामुक्त केला आहे.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात, ती विजेची. मुख्य इमारतीत इन्व्हर्टर आहे म्हणून भागत नाही. पलीकडची पेटी आणि आतला संच यांनाही बॅटरीचा आधार हवा. आमच्याकडे पहिल्या पावसाळ्यात अर्जाच्या शेवटच्या संध्याकाळी वीज गेली, तेव्हा अभ्यासिकेत अकरा मुले बसलेली होती. त्या छोट्या बॅटरीवर सगळ्यांचे अर्ज रात्री नऊपर्यंत गेले.

पेट्यांचे मूळचे पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि नवे एका वहीत लिहून ठेवा. बसवणारा माणूस उद्या बदलून जातो. आमची वही ग्रंथपालांच्या कपाटात, जुन्या हजेरीपटांच्या शेजारी आहे.