दोन मुलींच्या नावांचे जहाज
(हीरक महोत्सवी समारंभात केलेले भाषण)



या शाळेत भूगोल शिकताना नकाशावरचा निळा भाग मला रिकामाच वाटे. पुढे नोकरीची तीस वर्षे त्याच निळ्या भागावर गेली. तेव्हा मी जहाजाविषयी बोललो, तर आपण क्षमा कराल. मात्र हे जहाज माझे नव्हे. ते १८९४ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधील एसेक्स गावी बांधले गेले. दोन डोलकाठ्यांची ही लाकडी स्कूनर. कप्तान मॉरिसी यांनी तिला आपल्या मुलीचे नाव दिले, 'एफी एम. मॉरिसी'.

तिचे पहिले काम कॉड मासे पकडण्याचे. जहाज भर समुद्रात उभे करायचे आणि खलाशांनी लहान होड्यांतून गळ टाकीत चहूकडे पांगायचे, अशी रीत होती. धुके उतरले की होडीला जहाज सापडेलच, याची शाश्वती नसे. पुढे जहाज नोव्हा स्कोशियात गेले, १९१४ च्या सुमारास न्यूफाउंडलंडच्या ब्रिगस गावी आले आणि मासेमारीबरोबर मालही वाहू लागले.

१९२५ साली ते रॉबर्ट बार्टलेट यांच्या हाती आले. पिअरी यांच्या १९०८-०९ च्या ध्रुवमोहिमेतील जहाजाचे कप्तान ते हेच. त्यांनी सुमारे वीस वर्षे हे जहाज उत्तरेच्या बर्फात नेले. कधी त्यावर संग्रहालयांसाठी नमुने गोळा करणारे शास्त्रज्ञ असत, कधी प्रवासाचे पैसे भरून आलेली तरुण मुले. ही मुले काम शिकत आणि डेकही धूत. (आमच्या मुख्याध्यापकांना ही पद्धत फार आवडली असती.)

१९४६ साली बार्टलेट निवर्तले. नव्या मालकांकडे असताना न्यूयॉर्कजवळ जहाजाला आग लागली आणि ते बुडाले. इथे बहुतेक जहाजांची कथा संपते.

परंतु १९४८ साली केप व्हर्डचे एन्रिके मेंडेस यांच्यासाठी ते विकत घेतले गेले. पश्चिम आफ्रिकेसमोरची ही बेटे तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होती. दुष्काळाने गांजलेली तेथील कित्येक माणसे पोटासाठी न्यू बेडफर्ड, प्रॉव्हिडन्स येथे आली होती. मेंडेस यांनी जहाजाला आपल्या मुलीचे नाव दिले, 'अर्नेस्टिना'. १९६५ पर्यंत ते शिडांच्या बळावर अटलांटिक ओलांडत राहिले. येताना माणसे आणी. जाताना, इकडे राबणाऱ्यांनी घरच्यांसाठी बांधून दिलेले कपडे आणि सामान नेई. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा मुलूख सोडून या शहरात आले. गावी निघालेल्या माणसाबरोबर काहीतरी धाडायचे म्हणून घरात उडणारी धांदल आपण पाहिली आहे. म्हणून मला या जहाजाचे हे सतरा वर्षांचे काम ध्रुवमोहिमांहून मोठे वाटते. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र बार्टलेट यांनाच अधिक पाने मिळतात.

१९७५ साली केप व्हर्ड स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी जहाज अमेरिकेकडे निघाले, पण वादळात डोलकाठी मोडून माघारी फिरले. हाताशी फारसे काही नसलेल्या त्या देशाने त्याची डागडुजी केली आणि १९८२ साली ते अमेरिकेच्या जनतेला भेट दिले. विकले नाही, भेट दिले.

भेट स्वीकारणारा देश श्रीमंत होता, तरीही पुढे जहाजाची आबाळ झाली आणि ते बराच काळ धक्क्याला बांधून राहिले. लाकूड कुजते, त्याला सत्कार समारंभ कळत नाहीत. अखेर २०१५ पासून मेन राज्यात त्याचे मोठे काम निघाले. ते सात वर्षे चालले. जुन्या फळ्यांपैकी फारच थोड्या उरल्या. हे जहाज तेच का, असे कोणी विचारील. आता त्यावर मॅसॅच्युसेट्सच्या नाविक अकादमीचे विद्यार्थी दोर ओढायला शिकतात, आणि कागदोपत्री त्याचे नाव 'अर्नेस्टिना-मॉरिसी' असे आहे. दोन्ही मुलींचे.