शब्द खोडतां खोडतां

साठी उलटलेल्या लेखकानें चित्रें काढावयास घ्यावीं, हें ऐकून आपणांपैकीं पुष्कळांस तो उतारवयाचा विरंगुळा वाटेल. रवींद्रनाथांच्या बाबतींत तसें नव्हतें. १९२४ सालीं ‘पूरबी’च्या कविता लिहितांना जे शब्द खोडावे लागत, त्यांवरील फरांटे एकमेकांस जोडून ते आकृति काढीत. कवितेनें टाकलेल्या शब्दांना रेषेनें आश्रय दिला, म्हणा ना! तीं पानें अर्जेंटिनांत व्हिक्टोरिया ओकाम्पो ह्या विदुषीच्या नजरेस पडलीं. पुढें तिच्याच खटपटीनें १९३० च्या मे महिन्यांत पॅरिस येथें त्यांच्या चित्रांचें पहिलें प्रदर्शन भरलें. कवि तेव्हां सत्तरीस टेकले होते. चित्रकलेचें रीतसर शिक्षण नसतां, जगन्मान्य नांव पणास लावून ते नवशिक्याप्रमाणें परक्या रसिकांपुढें उभे राहिले.

दोन हजारांहून अधिक चित्रें त्यांनीं मागें ठेविलीं. त्यांतील कित्येक आकार ना पक्षी, ना श्वापद. सर्वच चित्रें अमूर्त होत असें म्हणवत नाहीं. परंतु वस्तूचें अनुकरण हा त्यांचा हेतु खास नव्हे. बहुतेकांना त्यांनीं नांवेंहि दिलीं नाहींत. जन्मभर शब्दांवर हुकमत चालविणाऱ्यानें चित्राला एक शब्दहि देऊं नये, हें धाडस मला पॅरिसच्या प्रदर्शनाहूनहि मोठें वाटतें. १९१३ चें नोबेल पारितोषिक मिळावयास काव्याला इंग्रजी रूपांतराचा आधार घ्यावा लागला. चित्रांस दुभाषी लागला नाहीं. लेखन मात्र सुटलें नाहीं. चित्रें रंगविण्यासहि पुष्कळदां शाईच असे, आणि कुंचल्याऐवजीं कधीं चिंधी, कधीं नुसतें बोट.