शिक्षकांना भेट काय द्यावी?



सावित्रीबाई फुले आजारपणात नायगावी होत्या. 10 ऑक्टोबर 1856 च्या पत्रात त्यांनी जोतीरावांना कळविले की, आपल्यामागे फातिमाला फार त्रास पडत असेल. शिक्षकाला कशाचा त्रास पडतो, हे आधी पाहावे, मग भेट निवडावी.

1962 पासून 5 सप्टेंबरला शिक्षक दिन होतो. आपल्या परभणीतही त्या दिवशी टेबलावर फुलदाण्यांचा ढीग लागतो. एका घरात भिंतीवरची तीन घड्याळे कशाला? पाऊस सरलेला नसतो, छत्री कामी येईल. लाल शाईची पेने तर वह्यांच्या गठ्ठ्यांपुढे पुरतच नाहीत. त्याहून बरे, साऱ्या वर्गाने मिळून उर्दू-मराठी शब्दकोश द्यावा. तो वर्गातच राहील.

वर्गणीची नावे मात्र फळ्यावर लिहू नका. हमालाचे पोर त्या दिवशी गैरहजर असते, ते तापामुळे नव्हे. प्रत्येकाने बिननावाचे बंद पाकीट द्यावे; रिकामे असले तरी चालेल.

परीक्षेच्या तोंडावर घरी येणाऱ्या मिठाईला मी भेट म्हणत नाही.

आणि मुलांनो, सरांनी शिकविलेले कोणते गणित तुम्हाला उमगले, ते चार ओळींत लिहून द्या. तो कागद सर जपून ठेवतील.