मांजराला विष बाधलं तर

मंडळी, मागच्या खेपेस आपण उंदरांविषयी बोललो. आज मांजराविषयी बोलू. उंदरासाठी ठेवलेलं विष पुष्कळदा मांजराच्याच पोटात जातं.

आमच्या घरी मनी होती. आम्ही उंदरांसाठी पिठाच्या गोळ्यांत काळी पूड कालवून ठेवली. तिला झिंक फॉस्फाइड म्हणतात. सकाळी मनी ओकू लागली. ओकारीला लसणासारखा वास येत होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "दूध पाजा, विष उतरेल." आम्ही पाजलं. वर मिठाचं पाणीही घातलं. दुपारी मनी गेली.

पुढं गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आम्हांला समजावलं. पोटातल्या आंबट पाण्यानं या पुडीचा विषारी वायू होतो. पोटात काही गेलं की आंबट पाणी आणखी सुटतं. म्हणजे दुधानं उलटंच झालं! आणि जास्त मीठ मांजराला बाधतंच. घरी ओकारी काढू नये. या पुडीला उतारा नाही. तरी लगेच नेलं तर सलाईन लावून, इतर औषधं देऊन काही मांजरं वाचतात. तो वायू माणसालाही घातक आहे. दारंखिडक्या उघडाव्या, ओकारी हुंगत बसू नये.

दुसरं विष वड्यांचं, ब्रोमाडायोलोन. हे मोठं फसवं. विष मेलेल्या उंदरातूनही मांजराला बाधतं. दोन-चार दिवस काही कळत नाही. मग मांजर मलूल होतं, धापा टाकतं. त्याचं रक्त गोठेनासं झालेलं असतं. ओठ वर करून हिरड्या पाहाव्या. त्या गुलाबी हव्या. पांढऱ्याफटक दिसल्या तर आतल्या आत रक्त जात असेल. याला मात्र उतारा आहे, के-१ जीवनसत्त्व. ते तीन-चार आठवडे द्यावं लागतं. मांजर दोन दिवसांत उड्या मारू लागलं म्हणून मध्येच थांबवलं, तर रक्त पुन्हा जाऊ लागतं.

हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसल्या, तर घरात विचारावं, कुणी तापाची गोळी दिली का? पॅरासिटामॉलच्या एका गोळीनं मांजर मरू शकतं. लोक देतात ती मायेनंच हो!

डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, "काय खाल्लं? केव्हा?" विषाचं पाकीट सोबत असलं की नेमका उपाय लवकर सुरू होतो. आम्ही तर पाकीट चुलीत घातलं होतं.

आता घरात मनीचं पिल्लू आहे. उंदरांना आम्ही पिंजरा लावतो.